मेथीखालचा काटबांगडा

समुद्रातली मासोळी मी आयुष्यात एकदाच विकत आणली, आणि जठारपेठेत भररस्त्यावर तिच्यावर व्याख्यान झालं.

आणली ती सुनेसाठी. नेहा वेंगुर्ल्याची. लग्न होऊन अकोल्यात आली त्याला तीन आठवडे झाले होते, आणि रोज ती अर्ध्या भाकरीवर उठायची. (अर्धी भाकरी म्हणजे आमच्याकडे नुसती सुरुवात.) तिची आई फोनवर विचारायची, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो." ते "हो" ऐकून मी डब्यातल्या उरलेल्या भाकरी मोजायचे. शेवटी बिचकत बिचकत विचारलं, तुला आवडतं तरी काय? म्हणाली, बांगडा. तो दिसतो कसा, तेही विचारून घेतलं. पाठ निळसर, पोट चांदीसारखं, शेपटी कात्रीसारखी. मी चौथी शिकलेली, पण एवढं पाठ होतं.

अडचण होती शेजारची. आमच्या भिंतीला लागून प्रमिलाबाई राहतात. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, घर कडक शाकाहारी. म्हणून बावीस वर्षं आमच्या घरी नदीतली मरळ शिजली ती खिडक्या लावून, आणि बाजारातून आली ती मेथीच्या जुडीखाली. बाईंना एकदाही कळलं नाही!

बाजारात मी पदर तोंडावर ओढून उभी राहिले. निळसर पाठ, चांदीचं पोट, कात्री शेपटी, सगळं जुळलं. "बांगडाच नं?" एवढंच तोंडातून निघालं. मासोळीवाला म्हणाला, "हाव मावशी, बांगडाच." चार घेतले, वर मेथी ठेवली आणि निघाले.

घर दहा पावलांवर आलं आणि पिशवी, आतून कोणी करवत चालवावी तशी, फाटली. चारही मासे बाईंच्या फाटकासमोरच्या रांगोळीवर. माझ्या हातात फक्त मेथी. आणि बाई उदबत्ती घेऊन तुळशीपाशीच उभ्या.

वाटलं, आता बाईंना भोवळ येणार. त्याआधी आपल्यालाच आली तर बरं. पण बाई म्हणाल्या, "हलवू नका त्यांना. चष्मा आणते."

चष्मा लावून त्या खाली बसल्या. "हा बांगडा नाही."

"बांगडाच हाय, बाई," मी म्हटलं. (बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी वाद घातला, तोही मासोळीवरून.)

"शोभाताई, इकडे बघा." मीही शेजारी बसले. उदबत्तीच्या टोकानं त्यांनी शेपटीजवळची टणक, टोकदार खवल्यांची रांग दाखवली. "हा काटबांगडा. दिसायला बांगडा, पण कूळ वेगळं. उष्ण समुद्रात थव्यानं फिरतो, जोरात पोहतो. शेपटीची दांडी बारीक असते ना, ती बळकट राहावी म्हणून हे चिलखत. ह्यानंच तुमची पिशवी कापली."

हा मासा त्यांनी जन्मभर फळ्यावर काढला होता, पण ताजा कधी पाहिला नव्हता. आवाज वर्गातला लागला. दूधवाला थांबला, ऑटोवाला थांबला. आमचे हे बाहेर आले.

"अवं, तू रस्त्यात काहून बसली?" सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजे आडनाव एक, पण भाऊबंद नाही."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. ह्यांना कोणी बरोबर म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला मात्र रडू यायला लागलं. पोरीसाठी एक गोष्ट आणायला गेले, तीही भलतीच आणली. तेवढ्यात नेहा दारात आली, मासे बघितले, मला बघितलं, आणि हसत सुटली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"आई, हा आम्ही पण खातो. फक्त ह्याचे हे शेपटीजवळचे काटे आधी सोलून काढायचे. द्या, मी करते."

आई म्हणाली ती मला. मी मेथी छातीशी धरून तशीच बसलेली.

त्या दुपारी नेहानं दोन भाकरी खाल्ल्या. फोन आला, "जेवलीस का?" तर म्हणाली, "आता विचारू नकोस, हलता येत नाहीये."

संध्याकाळी मी बाईंकडे माफी मागायला गेले. बावीस वर्षांचं सगळं कबूल केलं, खिडक्या आणि मेथीसकट.

"वास यायचा हो," त्या म्हणाल्या. "पण मला वाटायचं, तुम्हाला मेथीची भाजी करता येत नाही. तोंडावर कसं बोलायचं, म्हणून गप्प होते."