बिबट्यासाठी कुंपण

कोल्हारच्या त्या कांद्याच्या वावरात आमच्या सरांनी उभारलेलं कुंपण आठवलं की अजून डोकं फिरतं. जमिनीतली ओल मोजायचं एक यंत्र, म्हणजे खांबावर एक डबडं आणि मातीत पुरलेल्या चार वायरी, एवढाच काय तो ऐवज. त्याभोवती पुरुषभर उंच जाळी, वर काटेरी तार, फाटकाला कुलूप. कशासाठी, तर बिबट्यासाठी. सरांनी बिबट्या मोबाईलवर पाहिला होता.

वावर ज्यांचं, ते चाचा काम चालू असताना बांधावर बसून होते. निघताना मला म्हणाले, "मॅडम, बिबट्या वायर खात न्हाई. उंदराचं बघा." मी ते सरांना सांगितलं. सर हसले. माझी नोकरी नवी होती, मीही हसले.

पाणी कधी द्यायचं ते यंत्र सांगणार, असा आमचा प्रयोग. ऐन कांदा पोसायच्या दिवसांत आकडा एका जागी थांबला: ओल भरपूर. चाचांचे दोनदा फोन आले, माती हाताला कोरडी लागतेय, पाणी सोडू का म्हणून. दुसऱ्या वेळी सर शेजारीच होते. हाताला काय कळतं, म्हणाले. मी तेच जरा गोड करून फोनवर सांगितलं, आणि तेही जन्मभर कांदा काढलेल्या माणसाला. आमच्या शब्दाखातर त्यांनी मोटार चालू केली नाही.

पात पिवळी पडली तेव्हा मी गेले. जाळीच्या आत उकरलं तर वायरी कुरतडलेल्या, तांब्याला तांबं चिकटलेलं, म्हणून यंत्राला सारखी ओलच दिसत होती; बाजूला उंदरांची बिळंच बिळं. जाळीमुळे मांजर, कुत्रं कुणी आत शिरत नव्हतं. उंदरांची आम्ही छान सोय केली होती.

मग सर आले. वाळत्या कांद्याकडे पाठ करून त्यांनी जाळीचे फोटो काढले. एक तार हललेली नाही, म्हणाले. पुढे अहवालात 'वन्यप्राण्यांपासून संरक्षण यशस्वी' असं लिहिलं आणि खाली मी सही केली. लाज वाटली, तरी केली.

त्या दिवशी सर गाडीत जाऊन बसल्यावर चाचांनी एक कांदा उपटून माझ्या हातावर ठेवला. लिंबाएवढा होता.

"यंत्राला जाळी केली, बरं केलं," ते म्हणाले. "माज्या कांद्याला तुमच्यापासून करायला पायजे हुती."