शेवटची फेरी

गुरुवारी सकाळी हॉस्पिटलच्या औषधविभागात गोळ्या मोजताना अण्णा खाली पडले. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय गेला.

अण्णा माझे तिथले वरिष्ठ. मी पुण्याहून ऑकलंडला आलो तेव्हा मनुरेवा उपनगरात त्यांच्याच गल्लीत घर मिळालं. माझ्या हातात सदैव पुस्तक, म्हणून ते मला मास्तर म्हणत. दर शनिवारी दुपारी चहाला बोलावत आणि कुस्ती दाखवत. तरुणपणी त्यांनी इंग्लंडमध्ये नोकरी केली होती. तिथल्या टाउन हॉलात फेऱ्याफेऱ्यांनी होणाऱ्या व्यावसायिक कुस्त्यांचं वेड त्यांना तेव्हा लागलं. एका मित्राने पाठवलेल्या चौदा कॅसेट त्यांच्याकडे होत्या. प्रत्येक खोक्यावर औषधाच्या बाटलीची चिठ्ठी डकवलेली : ‘एक फेरी, दिवसातून एकदा, जेवणानंतर.’

त्यांच्याबरोबर कुस्ती बघणं हा छळ होता. कॅसेट चौदा, पण लावायचे ती एकच : टक्कल पडलेला एक म्हातारा आणि लांब पायांचा एक तरुण, सहा फेऱ्यांची कुस्ती. तरुणाने म्हाताऱ्याचा हात पिरगाळला की अण्णा टेप थांबवत, मागे नेत, पुन्हा लावत. म्हातारा कोलांटी घेऊन उभा राही आणि पिरगाळलेला हात सरळ झालेला असे. “सुटका बघ,” अण्णा म्हणत. “पकडायला कुणालाही येतं.” पाचवी फेरी संपल्याची घंटा झाली की ते टीव्ही बंद करत. उरलेलं पुढच्या शनिवारी. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्या फेरीपासून.

हे सगळं ठरवून केलेलं असतं ना, असं मी एकदा चिडून विचारलं. “नाटकही ठरवलेलंच असतं, मास्तर. तरी जातोस ना?”

मग जिंकतं कोण, तेवढं तरी सांगा, म्हटलं. त्यांनी बोट वर केलं. त्या कुस्त्यांत नियम मोडणाऱ्याला पंच जाहीर ताकीद देई, तिसऱ्या ताकिदीला तो बाद. चहात साखर जास्त पडली तर वहिनींनाही ताकीद मिळे. “निकाल विचारलास. पहिली जाहीर ताकीद.”

तीन वर्षं मी शेवटची फेरी पाहिली नाही. पुस्तकाची शेवटची पानं कुणी रोज फाडून ठेवावीत, तसं वाटे. अखेर एका शनिवारी अण्णा झोपलेले असताना वहिनींकडून ती कॅसेट मागून आणली आणि घरी एकट्याने लावली. पाचवी फेरी संपली आणि हॉस्पिटलमधून फोन आला. मी कॅसेट बाहेर काढून टीव्हीवर ठेवली आणि कामावर गेलो.

अवोन्डेल उपनगरातल्या हॉलमध्ये बसवलेल्या आमच्या मंडळींच्या गणपतीचं चित्रीकरण झालं होतं. प्रत हवी असेल त्याने कॅसेट द्यायची, अशी आमच्याकडची पद्धत. टीव्हीवर पडलेली, चिठ्ठी नसलेली कॅसेट बायकोने दिली. प्रत करणाऱ्याने ती मागे फिरवलीसुद्धा नाही. होती तिथूनच गणपती भरला. बायकोवर ओरडायलाही तोंड नव्हतं. खोक्यात परत ठेवायचं काम माझं होतं.

मी गप्प राहून कॅसेट परत केली. अण्णा शेवटची फेरी लावतच नाहीत, तर कळणार कसं, हा माझा हिशेब.

दोन महिन्यांनी ते पडले. काही दिवसांनी वॉर्डात भेटायला गेलो तर जड जिभेने म्हणाले, “घरी गेलो की शेवटची फेरी. या वेळी थांबवणार नाही.”

मग सांगावंच लागलं. त्यांच्या डाव्या हाताचं बोट वर झालं.

“दुसरी.”

मला वाटलं, आता जा म्हणतील. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि पिरगाळलं. सहाव्या फेरीत तरुण असा धरतो, म्हणाले. म्हाताऱ्याने काय करावं?

मला माहीत नाही, म्हटलं.

“मग पाच फेऱ्या काय बघितलंस?”

मी कोपर वाकवलं, खांदा खाली घेतला, त्यांच्या हाताखालून वळलो. मनगट सुटलं. “हां,” अण्णा म्हणाले. मग काय होतं, असं विचारणार तेवढ्यात नर्स व्यायामासाठी न्यायला आली.

“उरलेलं शनिवारी, मास्तर.”

ते शुक्रवारी गेले.

दिवस झाल्यावर मी वहिनींना विचारलं, ती कुस्ती कोण जिंकलं?

“मला काय माहीत, भाऊजी? माझ्याही वेळी ते बंदच करायचे.”

कॅसेट त्यांनी मला दिली. तीत पाच फेऱ्या आहेत आणि त्यानंतर आरती.