पाखऱ्याचं चित्र काही पुरं होईना

वाल्मीकची आणि माझी भिंत एकच. त्याच्याकडे येणारं कुत्रं आधी माझ्या पिठाच्या गिरणीत शिंकून जातं, त्यामुळे कोण आलं, कुठल्या गाडीतून आलं, हे मला आधी कळतं. मी काही कान लावून बसत नाही. लाइट गेली की गिरणी थांबते आणि गिरणी थांबली की ऐकू येतं. लाइट मी घालवत नाही.

वाल्मीक जनावरांची आणि त्यांच्या मालकांची पेन्सिलीनं चित्रं काढतो. पूर्वी तो ‘खोल्या भाड्याने मिळतील’ अशा पाट्या रंगवायचा. धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर पाटी रंगवत असताना पुण्याच्या कुणा बाईंचा कुत्रा येऊन त्याच्या पायाशी झोपला. ह्यानं पाटीच्या मागल्या बाजूला तो झोपलेला कुत्रा काढला, अगदी मिशीचा केस न् केस. बाई पाटीच उचलून घेऊन गेल्या. रिसॉर्टवाल्याला नवी पाटी करून द्यावी लागली, पण तेव्हापासून शनिवार-रविवारी आमच्या गल्लीत गाडी वळवायला जागा नसते.

फोटोवरून तो काढत नाही. “फोटोत केस चिकटून बसत्यात, वहिनी,” म्हणतो. जनावर आणि मालक दोघं समोर पाहिजेत. आधी जनावराचे डोळे, मग सगळं जनावर आणि अगदी शेवटी मालक. खोडरबर मऊ व्हावं म्हणून कणकेसारखं मळत बसतो, तेवढ्यात मालकांना झोप लागते.

त्याच्यात खोट एकच. दिसेल तेच काढतो. हिंजवडीहून एक जोडपं मांजर घेऊन आलं होतं. चित्रात मांजर बायकोकडे बघतंय, बायको नवऱ्याकडे बघतेय आणि नवरा फोनकडे. वाल्मीकची आई भीमाबाई त्याला म्हणाली, “आरं, गिऱ्हाइकाला जरा गोरं कर की.”

“पेन्सिल हाय, आई. तिच्यात गोरं कुटनं आनू?”

अशा माणसाकडे यंदा दिवाळीनंतर अण्णासाहेब आले. आमच्या गावचे जुने बागायतदार, घर गल्लीतच, समोर. भाताची खाचरं बरीचशी विकली, आता घराभोवती खोल्या बांधून भाड्यानं देतात. उरला होता एक गोठा आणि गोठ्यात एक खिल्लार बैल, पाखऱ्या. एकेकाळी शर्यतीच्या घाटात नाव काढलेला, आता वयानं नुसता देखणा.

“पाखऱ्याचं आन् माझं चित्र काढायचं,” अण्णासाहेब म्हणाले. “बैल दिलाय मी. पलीकडच्या गावच्या इंद्रजितला. त्यो रिसॉर्टच्या पाव्हन्यांना बैलगाडीत बसवून फिरवनार हाय. गोठ्याच्या जागी चार खोल्या निघत्यात. घरात रडारड नको, म्हनून म्हनलं चित्र तरी लावू. चित्र झालं की बैल घेऊन जा, असं सांगितलंय त्याला.”

संध्याकाळी रत्नाबाई गिरणीत आल्या. अण्णासाहेबांची बायको. दळणाचा डबा होता, पण डब्यात दाणा नव्हता. पाखऱ्याची आई त्याला जन्म देऊन गेली, तेव्हा रत्नाबाईंनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. अण्णासाहेब बैलाचे मालक, पण ते ओट्यावरच्या खुर्चीतून. बैलाच्या अंगाला त्यांचा हात लागला तो फक्त शर्यत जिंकल्यावर, गुलालापुरता.

“वैशाली, तुज्या शेजाऱ्याला सांग, चित्र पुरं करू नको म्हनावं.”

मी तिथूनच हाक मारली. वाल्मीक आला, ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. “काकी, हळू काढतो. पन मुद्दाम चुकवायचं म्हनाल तर हात वळत न्हाई. नाक जसं हाय तसंच येनार.”

रत्नाबाईंनी रिकामा डबा मांडीवर घेतला. “नाक ऱ्हाऊ दे हाय तसं,” त्या म्हणाल्या. “चित्र बदलायचं न्हाई ना? मंग मी मालकच बदलते.”

मला त्या रात्री हसून हसून जेवण गेलं नाही.

पाखऱ्या काढायलाच बरेच दिवस गेले. पांढऱ्या कागदावर पांढरा बैल, म्हणजे नुसत्या सावल्या काढायच्या. रत्नाबाई रोज सकाळी पाखऱ्याला वाल्मीकच्या अंगणात आणून बांधायच्या आणि अण्णासाहेब त्याच्या मानेवर हात ठेवून उभे. पहिल्या दिवशी हात कसला, बोटाचं टोक. बैलानं कान हलवला की हे दोन पावलं मागं. वाल्मीक म्हणायचा, “अण्णासाहेब, हात ठिवा, न्हाईतर हात हवेत काढावा लागंल.” मग ठेवायचे.

हळूहळू मालकाचा चेहरा कागदावर आला. पांढऱ्या मिशा झकास उतरल्या. दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब आले ते काळ्या कुळकुळीत मिशा घेऊन. रत्नाबाईंनी रात्रीत कलप लावला होता. भिंतीवर पांढऱ्या मिशा कायमच्या राहतील म्हणाल्या, आणि मीही सकाळी दळण देताना दोन शब्द घातले होते की मिशा काळ्या केल्या तर माणूस पार जावयासारखा दिसतो. वाल्मीकनं मुकाट्यानं मिशा खोडल्या. खालच्या ओठासकट सगळं पुन्हा काढावं लागलं.

मिशा झाल्या, तर डोक्यावर टोपीच्या जागी फेटा आला. फेट्याच्या चुण्या काढता काढता वाल्मीकच्या चार पेन्सिली संपल्या. फेटा झाला, तर फेट्यामुळे गाल बसलेले दिसतात म्हणून रत्नाबाईंनी नवऱ्याला रोज तुपातला शिरा चालू केला. पंधरवड्यात गाल इतके भरले की वाल्मीकला जबडा नव्यानं बांधावा लागला. अण्णासाहेब आरशासमोरून हलेनात. साठीचा माणूस गल्लीतून जाताना माझ्या गिरणीच्या काचेत बघून जायचा.

“काय, नवरदेव,” मी म्हणायची.

“दळन बग तुजं,” ते म्हणायचे, पण थांबून पुन्हा एकदा बघायचे.

मधे दोनदा इंद्रजितचा फोन आला. दोन्ही वेळा उत्तर एकच, चित्र व्हायचंय.

आता ह्यात एक गोष्ट आमच्या कुणाच्या ध्यानात नव्हती. माणूस रोज सकाळी तासभर बैलाला चिकटून उभा राहिला की करणार काय? बोलणार. आधी अण्णासाहेब बैलाला नुसतं “हो हो” करायचे. मग भाडेकरूंच्या तक्रारी सांगायला लागले. मग गुडघ्याचं दुखणं. बैल ऐकून घ्यायचा, जे त्यांच्या घरात दुसरं कुणी करत नाही. एका सकाळी पाखऱ्यानं जीभ काढून मालकाच्या ताज्या कलप लावलेल्या मिशीवरून अशी फिरवली की अर्धी मिशी पांढरी आणि बैलाचं नाक काळं. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, “वाल्मीक, त्याच्या नाकाला लागलंय ते चित्रात काडू नको हां. त्याला बरं दिसायचं न्हाई.” स्वतःच्या मिशीचं नावच नाही.

“जे दिसतंय ते काडतो मी,” वाल्मीक म्हणाला. मग अण्णासाहेबांनी आपल्या फेट्याच्या शेमल्यानं बैलाचं नाक पुसलं.

पण रत्नाबाईंच्या युक्त्या संपत आल्या. चष्म्याचा प्रयत्न केला, तर डॉक्टर म्हणाले नजर चांगली आहे. आणि अशातच एका सकाळी इंद्रजित न कळवता टेम्पो घेऊन वाल्मीकच्या दारात उभा राहिला. गल्ली जमली. मी गिरणी बंद केली, पीठ खाली सांडायला नको म्हणून.

“झालं का, वाल्मीक?” इंद्रजितनं विचारलं.

रत्नाबाई वाल्मीककडे बघत होत्या. मी पण बघत होते. त्या गड्यानं एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे. “झालंय,” तो म्हणाला. “सही तेवढी ऱ्हायली.”

मला त्याच्या डोक्यात डबा घालावासा वाटला. रत्नाबाईंनी पदर तोंडाला लावला.

अण्णासाहेब बैलापासून बाजूला झाले, कागदासमोर येऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं. फेटा होता, गाल होते, मिशी होती, पाखऱ्या तर आता हंबरेल असा होता. त्यांचा हात बैलाच्या मानेवर असा पडला होता, जणू लहानपणापासून तिथंच आहे.

“ह्ये झालं कसं म्हनतोस?” ते म्हणाले. “बैलाचं आन् मालकाचं चित्र म्हनला व्हतास ना? ह्याला बाटलीनं दूध कुनी पाजलं? ती कुटंय ह्यात?”

“तुमी सांगितलं न्हाई,” वाल्मीक म्हणाला.

“आता सांगतोय.”

“ह्या कागदात जागा न्हाई. मोठा कागद लागंल. सगळं सुरवातीपासनं काडाया लागंल.”

“मंग काड.”

इंद्रजित म्हणाला, “अण्णासाहेब, टेम्पो आनलाय मी.”

“आनलायस ना? मंग पौडला जाऊन मोठा कागद घेऊन ये. हिथं मिळत न्हाई.”

रत्नाबाईंचा पदर अजून तोंडावर होता, पण आता खांदे हलत होते. हसतायत की रडतायत ते मला भिंतीपलीकडून ओळखता येतं, समोरून नाही.

“थांबा,” त्या म्हणाल्या, “लुगडं बदलून येते,” आणि समोर घरात गेल्या.

इंद्रजितनं अर्धा तास वाट बघितली. मग चहा घेतला. मग टेम्पो वळवायला आमच्या गल्लीत जेवढा वेळ लागतो तेवढा लागला आणि तो गेला. रत्नाबाई त्यानंतरही आतच होत्या. कुठलं लुगडं नेसावं ते ठरत नव्हतं, आणि अण्णासाहेब बैलाच्या मानेवर हात टाकून त्याला सांगत होते, “ऱ्हा जरा उभा. हिला वेळ लागतोय.”