चिंचेच्या वळणावरचा राजा

"जिकल्याला राजा सोडून हरल्याल्याच्या मागं कशाला लागलीयास गं? दुटुगैमुणूवर लिव की. गावोगाव पुतळं हायती त्येचं. चार फोटू काढायचं, खाली चार वळी लिवायच्या, झाली पदवी."

"पुतळा काय, कुणीबी उभारतंय तात्ता. ज्येचा पुतळा न्हाई आन् तरी मान हाय, त्येच्यावर लिवायचंय मला."

"कसला मान? हात दुखत्यात म्हणून थांबतो आमी तितं."

एवढं बोलून पुंचा, म्हणजे माझा चुलता, डवुलाची वादी आवळायला लागला. डवुल म्हणजे पोटावर बांधायचा आमचा ढोल. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला तळहात. चुलत्याला अख्खा मुलूख गुरुन्नान्से म्हणतो, म्हणजे उस्ताद. पण उस्ताद म्हणणारे लोक जेवायला बोलावताना पंगत वेगळी मांडतात, हेही आम्हाला ठाऊक आहे. आम्ही वाजंत्री.

चंपिका त्याची थोरली पोरगी. शाळामास्तरीण. नवरा, दोन पोरं, शेजारच्या गावची शाळा, एवढं सांभाळून ती इतिहासात वरची पदवी करत होती. त्याला प्रबंध लागतो, आणि प्रबंधाला विषय. तो ठरेना म्हणून बापलेकीची रोज सकाळी अशी जुंपायची. मी त्यांच्या ओट्यावर बसून खोबऱ्याची चटणी लावून भात खायचा आणि कुणाची बाजू घ्यायची नाही, असं धोरण ठेवलं होतं.

एलार राजा समुद्रापलीकडचा, तमिळ. अनुराधपुरात बसून त्यानं पिढीभर राज्य केलं आणि न्याय असा केला, की गायीनं घंटा ओढली तरी दाद मिळावी. आमच्या दुटुगैमुणूनं त्याला हत्तीवरच्या झुंजीत मारलं. मारल्यावर मात्र इतमामानं जाळलं आणि हुकूम काढला, की या जागेवरून जाताना कुणी वाद्य वाजवायचं नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. जागा नेमकी कुठली यावर शहरातल्या पंडितांची भांडणं चालू आहेत. आमच्या कोनवेव गावाबाहेर चिंचेच्या वळणावर जो उंचवटा आहे, तो त्यांच्या कुणाच्याच पुस्तकात नाही.

पण त्या वळणावर आमचे ढोल गप्प होतात. देवळाच्या मिरवणुकीत, जातानाही आणि येतानाही. काठी पट्ट्यात खोचायची, तळवा चामड्यावर टेकवायचा आणि वळण संपेपर्यंत मुक्यानं चालायचं. चंपिका लहान असताना बापाच्या खांद्यावर बसून जायची, तेव्हा तो म्हणायचा, "गप ऱ्हा, राजा हाय हितं." पुढं तमिळ बंडखोरांशी लढाईची वर्षं आली. त्या दिवसांत तमिळ राजाचं नाव मानानं घ्यायची सोय उरली नाही. कुणीतरी एकदा चुलत्याला देवळामागं गाठून विचारलं, तू कुणाच्या बाजूचा रे? तेव्हापासून तो म्हणायला लागला, हात दुखतात. आम्ही पोरांनीही तेच उचललं. लढाई संपली, पण जिभेला लागलेलं वळण काही गेलं नाही.

चंपिकानं हे सगळं विद्यापीठातल्या बाईंना सांगितलं. बाई सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, तुझी लहानपणची आठवण मी खरी मानते, पण एका पोरीच्या आठवणीवर प्रबंध उभा राहत नाही. तुझे वडीलच हात दुखतात म्हणतात. राजाचा मान आजही जिवंत आहे असं म्हणायचं तर तो दिसायला हवा. यंदाची मिरवणूक बघ. मात्र कुणाला काही सांगायचं नाही, सुचवायचं नाही, वडिलांना तर नाहीच. तू सांगून ते थांबले तर ती तुझी करणी होईल, त्यांची नाही. आणि थांबले नाहीत, तर जिंकलेल्या राजाचा विषय घे.

झालं. ज्या पोरीनं रोज बापाशी वाद घालायचा, तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

त्यात मिरवणुकीच्या बैठकीत देवळाचा नवा सेक्रेटरी विजेकोन उभा राहिला. त्याचं म्हणणं, यंदा सगळ्याची फिल्म काढायची, परदेशातल्या लोकांना पाठवायची. मध्येच ढोल बंद पडतात ते फार वाईट दिसतं. तेव्हा देवळापासून तळ्यापर्यंत अखंड वाजवायचं. चुलत्यानं मान हलवली. आमच्याकडची मान अशी हलते, की हो का नाही ते हलवणाऱ्यालाच माहीत. चंपिका मागच्या बाकावर होती. पदराचं टोक तिनं एवढं पिळलं, की मला वाटलं आता फाटतंय. पण बोलली नाही.

मिरवणूक दिवसाची होती. ऊन मी म्हणत होतं. पुढं चाबूकवाले, मग झेंडे, मग आम्ही, आमच्यामागं नाचणारी पोरं आणि त्यांच्यामागं देवळाचा हत्ती. चंपिका शाळेच्या पोरी घेऊन कडेनं चालत होती. मी चुलत्याच्या डाव्या हाताला, कमरेला जोडनगारे बांधून. चिंच दिसायला लागली तशी मी त्याच्याकडं बघायला लागलो. तो कुणाकडंच बघत नव्हता. काठी चालूच. विजेकोन मोबाईल उंच धरून पुढं उलटा चालत होता आणि दुसऱ्या हातानं वाजवा, वाजवा असं खुणावत होता. चंपिका रस्त्याकडं बघत चालली होती. वर बघायचं धाडस तिला होत नव्हतं.

वळण आलं आणि चुलत्यानं काठी पट्ट्यात खोचली.

तळवा चामड्यावर टेकला. त्याच्यामागं आमचे सगळ्यांचे हात आपोआप थांबले. कुणी कुणाला सांगितलं नाही. नाचणाऱ्यांतला बाहेरगावचा एक पोरगा उडी मारून पुढच्याच्या पाठीवर आदळला. हत्तीला सवय होती, तो कान हलवत सावकाश पाय टाकायला लागला.

विजेकोन घामाघूम होऊन पळत आला. चारचौघांसमोर चिडणं त्याला शोभलं नसतं, म्हणून त्यानंच पळवाट काढून दिली. "काय गुरुन्नान्से, हात दुखायला लागले काय?"

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटत होतं. इतकी वर्षं तेच तर म्हणत आलो होतो.

"हात बरं हायती," चुलता म्हणाला. आवाज चढवला नाही, पण ढोल बंद असल्यावर सगळ्यांना ऐकू जातंच. "हितं एलार राजा हाय. त्येच्यासमोर आमच्यात वाजवत न्हाईत. बापानं वाजवलं न्हाई, मीबी वाजवायचा न्हाई. तुमी फिल्म काढा की, आमी चालतोय."

मागनं मोठे भंते छत्रीखाली येत होते. त्यांनी नुसता हातातला पंखा खाली घेतला आणि पाऊल हळू केलं. मग रस्त्याच्या कडेची माणसंही गप्प झाली. इतकं गप्प, की हत्तीच्या साखळीचा आवाज येत होता. मी चंपिकाकडं पाहिलं. तिनं आता मान वर केली होती, आणि माझ्या ताठ चालणाऱ्या चुलत्यापेक्षाही ती ताठ चालत होती. वळण संपलं तसा चुलत्यानं असा घाव घातला, की चिंचेवरची पाखरं उठली.

विद्यापीठातल्या बाईंनी फोनवर पहिलं विचारलं, तू सांगितलं होतंस का? मग विचारलं, दुसऱ्या कुणी? मग म्हणाल्या, आता आणखी दोन-तीन वाजंत्री घरांत जाऊन बघ, आणि वडील इतकी वर्षं खोटं का बोलले तेही लिहावं लागेल. ते लिहायला जड जाईल, तयारी ठेव.

विषय मंजूर करायच्या बैठकीत एका म्हाताऱ्या परीक्षकांनी तिला विचारलं, की आपल्या जिंकलेल्या राजाला सोडून हरलेल्याची थोरवी का गायची?

"सर, हुकूम जिंकलेल्याचाच होता," चंपिका म्हणाली. "तो पाळला वाजंत्र्यांनी."

कुठल्या वाजंत्र्यांनी, असं त्यांनी विचारलं.

"माझ्या घरच्यांनी."

आडनावावरून जात कळते म्हणून तिच्या धाकट्या भावानं पेपरात जाहिरात देऊन आडनाव बदलून घेतलं आहे. ही भरल्या खोलीत, मोठ्या घरांतल्या लोकांसमोर, असं म्हणाली. विषय मंजूर झाला.

परतीच्या बसनं ती तशीच शाळेच्या फाटकाशी उतरली. तिथनं बापाला फोन केला. मी त्याच्याजवळच होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझं नाव घालशील ते नीट घाल, गुरुन्नान्सेसकट. आता जा, तास बुडवू नगंस."

आठवीच्या वर्गात दंगा चालला होता. चंपिकानं पिशवी टेबलावर ठेवली, खिडकीत चढून बसलेल्या दोघांना खाली उतरवलं आणि फळ्यावर जुन्या तळ्यांचा नकाशा काढायला घेतला.