स्वतःचं कौतुक, सरांची सही

रिकाम्या बरण्या कुणी मुद्दाम जमवत नाही. पण ओट्याखालचं दार उघडलं की एकामागून एक निघतातच. किस्स्यांचं तसंच आहे. यंदा मी नातीच्या मागे स्कूटीवर बसून तिच्या कॉलेजात काय गेलो, घरात ठेवायला जागा उरली नाही! तळ्याच्या कट्ट्यावर माझा जुना सोबती धर्मा रोज विचारतो, "आज काय नवीन, आबा?" म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. सावकाश लिहितो. मी शाळेत गेलेलो नाही. नात पहिलीत होती तेव्हा तिच्याच पाटीवर अक्षरं शिकलो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची तक्रार तिच्याकडे करा.

नात म्हणजे तन्वी. दातांची डॉक्टर झाली. आता तिला पुढचं शिकायला अमेरिकेला जायचंय. आमच्या जूचंद्र गावातून अमेरिकेला! मी जन्मभर मिठागरात पाय भिजवले. मला एवढंच कळलं की पोरगी लांब जाणार.

* * *

एकदा जेवताना ती म्हणाली, "आबा, मार्क आहेत, परीक्षा झाली. आता फक्त तीन पत्रं राहिलीत."

"कसली?"

"माझ्या सरांनी लिहायची. मी चांगली आहे, मला घ्या, अशी."

माझा घास हातातच राहिला. "म्हणजे वशिला?"

"वशिला नाही हो! रेकमेंडेशन."

"मग फरक काय?"

"वशिला लपवून लावतात. हे त्यांनी स्वतःच मागितलंय."

आजवर मी ऐकत आलो की अमेरिकेत वशिला चालत नाही. आणि हे बघा, एक नाही, तीन-तीन मागतायत, तेही ऑनलाइन! मी आपलं सुचवलं, "आपल्या नगरसेवकाची चिठ्ठी आणू? गोल शिक्का मारून देतो."

"आबा, त्याला माझं नावसुद्धा माहीत नाही."

"तरी तो लिहितो की, 'माझ्या चांगल्या परिचयाची आहे' म्हणून. सगळ्यांनाच लिहितो!"

ती हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. मुदतीच्या आत तिन्ही पत्रं गेली नाहीत तर अर्ज बाद, म्हणजे वर्ष फुकट. आणि तन्वीचा स्वभाव असा, की दुकानात सुट्टे मागायचे तरी आधी मनात दोनदा म्हणून बघते. तिचे आईवडील नोकरीला. घरात रिकामा माणूस मी. म्हणून सोबतीला मी निघालो.

* * *

पहिले मोठे सर. म्हणजे विभागप्रमुख. तन्वी पहिल्या वर्षापासून यांच्यासमोर वावरलेली. आम्ही केबिनमध्ये गेलो तर सर चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "बसा बाबा. कुठला दात दुखतोय?"

तन्वी म्हणाली, "सर, हे माझे आजोबा. मला रेकमेंडेशन लेटर हवं होतं."

"अरे वा! देऊ की! व्हेरी गुड स्टुडंट! नाव काय तुझं?"

मी तन्वीकडे बघितलं. तन्वीने फरशीकडे बघितलं.

नाव कळल्यावर सर म्हणाले, "असं कर तन्वी, तूच लिहून आण. मी सही करतो."

"मीच, सर?"

"मग कोण? तुला तुझ्याइतकं चांगलं कोण ओळखतं?"

संध्याकाळी कट्ट्यावर सांगितलं तर धर्मा उठून उभा राहिला. "म्हंजे लिवनारी पोर, न् सहीचा मानूस दुसरा? आयला, मंग नगरसेवक काय वाईट होता?"

* * *

घरी येऊन तन्वी लॅपटॉप उघडून बसली. म्हातारीने दोनदा चहा केला. शेवटी तन्वीने एक ओळ लिहिली आणि आम्हाला मराठीत सांगितली, "तन्वी रोज वेळेवर हजर असायची."

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढे काय लिहू? मला लाज वाटते."

सून स्वयंपाकघरातून ओरडली, "लाजतेस काय! लिही, हुशार आहे, कष्टाळू आहे, अतिशय नम्र आहे!"

"आई, अतिशय नम्र आहे हे मीच लिहू?"

तरी रडतखडत अर्धं पान झालं. सरांनी ते वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला. "हे काय? हजर असायची? अगं, तुझ्या बॅचचा एक मुलगा काल लिहून घेऊन आला. त्याच्या पत्रात तो जगातला एक नंबर आहे. तू निदान महाराष्ट्रात तरी ये!"

* * *

तन्वी कशीबशी महाराष्ट्रात पहिली आली, तेव्हा सरांनी सही केली. मग एक फॉर्म आला. तन्वी टिक करता करता थांबली. मी विचारलं, "काय गं?"

"आबा, यात कबूल करायचंय की हे पत्र गुप्त आहे, आणि ते मी कधीही वाचायला मागणार नाही."

"कुठलं पत्र?"

"मोठ्या सरांचं."

"जे तू लिहिलंस ते?"

"हो."

"मग पोरी, लिहिताना डोळे मिटले होतेस का?"

* * *

कॉलेजात माझा बराच वेळ केबिनबाहेरच्या बाकावर गेला. पहिल्याच दिवशी पांढऱ्या कोटातला एक पोरगा आला. आवाजात नुसती साखर. "आजोबा, पाणी आणू? चहा घेणार?" मी म्हटलं, काय संस्कार आहेत! मग हळूच शेजारी बसला. "आजोबा, दात किती आहेत तुम्हाला?"

"चार."

त्याचं तोंड असं पडलं, की मलाच वाईट वाटलं. "चार? अरेरे. हलतात का?"

"नाही रे बाबा, घट्ट आहेत."

"असू दे, असू दे," म्हणत तो गेला. चहा राहिलाच!

तन्वीने नंतर उलगडा केला. परीक्षेत पूर्ण कवळी बसवून दाखवावी लागते. त्यासाठी प्रत्येकाला एकही दात नसलेला म्हातारा शोधावा लागतो, आणि तसे म्हातारे मिळता मिळत नाहीत. हे ऐकून मी आश्चर्याने आ वासला. तेवढ्यात समोरून जाणाऱ्या एका पोरीने वाकून आत बघितलं, म्हणाली, "वर दोन, खाली दोन. नाही चालणार!" आणि थांबलीसुद्धा नाही.

* * *

दुसरं पत्र कवळी शिकवणाऱ्या सरांचं. माणूस दिलदार. त्यांच्या दाराबाहेर दोन मुलींच्या आया बसलेल्या. एक विरारच्या, एक नालासोपाऱ्याच्या. विरारच्या बाई मला अभिमानाने सांगायला लागल्या, "सरांनी आमच्या मुलीसाठी काय लिहिलंय माहितेय? माझ्या अख्ख्या नोकरीतली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी!"

नालासोपाऱ्याच्या बाईंनी पर्स मिटली. "अहो, असं कसं? ते तर आमच्या मुलीला लिहिलंय!"

दोघी तशाच उठून आत गेल्या. मी मनात म्हटलं, आता सरांची काही खैर नाही. पण सर शांत! "वहिनी, दोघी वेगवेगळ्या कॉलेजात अर्ज करतायत ना? मग प्रत्येक कॉलेजात सगळ्यात हुशार अशी एकच पोचते. काळजी कसली?"

बाहेर येताना दोन्ही बाया खूश! दोघींनी एकमेकींचा नंबरसुद्धा घेतला.

* * *

आमचा नंबर लागला तेव्हा सरांचे दोन्ही हात प्लास्टरने माखलेले. एका म्हाताऱ्याच्या जबड्याचा साचा चालला होता. सरांनी कोपराने फोन तन्वीकडे सरकवला. "अमेरिकेची लिंक आलीय बघ. माझे हात भरलेत, तूच भर."

तन्वी वाचायला लागली. "सर, अभ्यासात कशी, पाचपैकी किती?"

"पाच."

"हाताची सफाई?"

"पाच."

"पेशंटशी वागणूक?"

"पाच, पाच. विचारतेस काय!"

मग तन्वी थांबली. "सर, पुढे प्रामाणिकपणा आहे."

"मग?"

"सर, हे तरी तुम्ही भरायला हवं."

"अगं, मीच तर भरतोय! पाच दे."

तन्वीने पाच दाबले. पाठवू का विचारलं, सर म्हणाले पाठव. पत्र अमेरिकेला गेलं. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "आजोबा, नात सोन्यासारखी आहे हो तुमची. एक शब्द खोटा लिहिला नाही मी!"

* * *

राहिलं तिसरं. ते दात काढायला शिकवणाऱ्या मॅडमचं. त्या निवृत्त होऊन आगाशीला राहतात. तन्वीने कसाबसा फोन करून ठेवला होता, पण रोज म्हणायची, उद्या जाऊ. मुदत संपत आली तरी तिचं उद्या येईना.

शेवटी मी विचारलं, "मॅडम फार कडक आहेत का?"

"आबा, त्या स्वतः लिहितात," तन्वी म्हणाली. जसं काही माणूस चावतो असं सांगतेय! "आणि जे असेल तेच लिहितात."

मग तिने सांगितलं. तिने पहिल्यांदा एका बाईंचा दात काढायला घेतला तेव्हा हात एवढे थरथरले, की मॅडमनी तिच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि दात स्वतः काढला. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उद्यापासून तू नुसतं बघायचं." पुढे तन्वीने कितीतरी दात काढले, पण तो दिवस तिच्या मनातून गेला नाही.

मी समजूत घातली. "एवढी पोरं शिकवली त्यांनी. कोण कुठली, आठवणार आहे का?"

आगाशीला गेलो. वाडीतलं बैठं घर. मॅडमनी दार उघडलं आणि तन्वीला बघून म्हणाल्या, "ये गं, थरथरणारी!"

तन्वीचा हात माझ्या मनगटाभोवती असा आवळला, की बोटं उमटली.

बसलो. मॅडमनी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, पुढे ठेवली. म्हणाल्या, "तुझा फोन आला त्याच दिवशी लिहून ठेवलंय. आज पाठवते. पण माझी एक खोड आहे. लिहिलेलं कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय मी पाठवत नाही. आधी ह्यांना दाखवायचे. आता घरात ऐकायला कुणी नाही."

तन्वी उभीच राहिली. "मॅडम, मला ऐकता येणार नाही. तिन्ही पत्रांसाठी मी तशी टिक केलीय."

"तुला कोण ऐकवतंय? तू मागे जा आणि झाडावरचे जाम तोडून आण. आजोबा बसतील."

मी हबकलो. "मॅडम, मला इंग्रजी येत नाही."

"म्हणून तर!"

तन्वी मागच्या दाराने गेली. मॅडमनी चष्मा लावला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वाचायला सुरुवात केली. मी हात जोडून बसलो. आपल्याला दुसरं काय येणार? मधून मधून तन्वीचं नाव यायचं, तेवढी मी मान हलवायचो. एकदा मॅडमचा आवाज चढला, तेव्हा मी घाबरलो. एकदा वाचता वाचता थांबून त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. हसावं की माफी मागावी, मला कळेना. आणि मधेच, एवढ्या सगळ्या इंग्रजीत, एकदम मराठी! मी ताठ झालो. एकच वाक्य. ते वाचून मॅडम स्वतःशीच हसल्या, चष्मा पुसला, आणि परत इंग्रजी सुरू.

संपल्यावर त्यांनी बटण दाबलं. "गेलं!"

परतताना तन्वीने गाव सुटेपर्यंत दम धरला. मग स्कूटी बाजूला घेतली. "आबा, काय होतं त्यात?"

"मला काय कळणार? इंग्रजी."

"रागावून वाचत होत्या का? थरथर म्हणाल्या का?"

"एक वाक्य मराठी होतं."

"मराठी? अमेरिकेच्या पत्रात?"

"हो. मराठीतच वाचलं."

मग म्हणाली, "नको, सांगू नका. मी टिक केलीय." थोड्या वेळाने, "तुम्ही नाही केली ना?"

"मी कशाला करतोय!"

"मग सांगा."

मी मॅडमसारखंच म्हणून दाखवलं. "'काकी, तुम्ही नका घाबरू. मी घाबरलेय ना, तेवढं पुरे आहे.'"

तन्वीने हेल्मेट काढलं. तिचं तोंड उघडं ते उघडंच.

"आबा, हे तर मी त्या दिवशी पेशंटच्या कानात बोलले होते!"