शेडमधला धूर

आमच्या खालापूरच्या घरामागे कोंबड्यांची रिकामी शेड होती. दादाने तिथे बिटकॉइनची यंत्रं लावली. यंत्र व्यवहारांच्या नोंदींना एक आकडा जोडायचं आणि त्यातून हॅश नावाची भलीमोठी संख्या काढायचं. ती ठरलेल्या मर्यादेच्या आत आली तर बक्षीस, नाहीतर आकडा बदलून पुन्हा नवी संख्या. हे अखंड चालायचं.

एका दुपारी दादा कर्जतला गेला होता आणि मी घरात एकटीच होते. जळक्या वायरीचा वास आला म्हणून मी शेडचं दार उघडलं. आत भट्टीसारखी धग होती आणि कोपऱ्यातल्या बोर्डातून धूर येत होता. मेन स्विच बाहेर दाराशीच होता, पण हात पुढे होईना. मी दादाला फोन लावला.

"बंद केलं तर इतके दिवस शोधलेलं जाईल ना रे?"

"त्यात काही साठत नाही गं. प्रत्येक वेळी पहिल्यापासूनच असतं. तू स्विच पाड आधी."

मी कोरड्या काठीने स्विच खाली ओढला. पंखे हळूहळू थांबले, धूर विरळ झाला. दादा आला तेव्हाही मी अंगणातच उभी होते. काठी अजून हातात होती आणि ती सोडायची भीती वाटत होती.