बॉनेटवरचं स्वस्तिक
मेणाच्या पॉलिशचा वास आला की ऐंशीच्या दशकातली पार्ल्याची ती सकाळ आठवते. भंगारात निघालेली एक जपानी गाडी ह्यांनी साकीनाक्याच्या वर्कशॉपांतून एकेक भाग घडवून घेत, दोन वर्षं खपून उभी केली होती. त्या दिवशी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात तिची पहिलीच स्पर्धा होती आणि गाडी अगदी मुळात होती तशीच हवी, असा तिथला नियम होता. आम्ही निघणार, तोच सासूबाईंनी पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर ओल्या कुंकवानं भलंमोठं स्वस्तिक काढलं. दीर पुसायला धावले, तर रंग आणखीच पसरला. “वाट लागली रे दादा!” ह्यांनी एकदा आईकडे पाहिलं आणि गाडी तशीच काढली. “हे मूळ गाडीत होतं का हो?” परीक्षकांनी विचारलं. “जपानात नव्हतं, पार्ल्यात आहे,” हे म्हणाले. परीक्षक हसले, पण बक्षीस गेलंच. घरी सासूबाई मान खाली घालून बसल्या होत्या. “आई, पुढच्या वर्षी जरा लहान काढ हं,” एवढंच हे बोलले. हे गेल्यापासून गाडी झाकलेलीच होती. उद्या लेक ती प्रदर्शनाला नेणार आहे. मी कुंकू भिजवून ठेवलं आहे. लहानच काढीन.